तिशीनंतरचा डेब्यू

गव्हाण (ता. पनवेल) : ‘आता काय खेळायचं, वय गेलं!’ आमच्या गावात कबड्डी सोडणाऱ्या पोरांच्या तोंडून हे वाक्य कितीदा तरी ऐकलंय. वय किती? एकवीस-बावीस! तुमच्या कट्ट्यावरही असा एखादा असेलच. कदाचित तो तुम्हीच असाल. मग राहुल बोसची ही गोष्ट वाचाच.

‘दिल धडकने दो’मध्ये तुम्ही त्याला पाहिलं असेल. पण हा ॲक्टर भारताकडून रग्बी खेळलाय, हे माहितीये?

लहानपणी आईने त्याला बॉक्सिंग आणि रग्बीची ओळख करून दिली. पुढे मुंबईचं सिडनहॅम कॉलेज, मग जाहिरात कंपनीत कॉपीरायटरची नोकरी आणि १९९४ मध्ये ‘इंग्लिश, ऑगस्ट’ हा सिनेमा. खेळ मात्र सुटला नाही. भारताचा रग्बी संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो १९९८ च्या आशियाई स्पर्धेत. त्या संघात राहुल होता. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती!

तो स्क्रम-हाफ आणि राइट विंगर अशा दोन्ही जागांवर खेळला. स्क्रम-हाफ म्हणजे धक्काबुक्कीच्या घोळक्यातून बॉल काढून तो कुणाला द्यायचा, हे क्षणात ठरवणारा गडी. विंगर कडेने सुसाट पळतो. आपल्याकडे चढाईपटू निसटतो ना, तसाच! बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच पास करायचा. अंगावर येणाऱ्याला चुकवत पुढे जायचं ते पायांनीच.

‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’, ‘झंकार बीट्स’ हे सिनेमे याच काळातले. ज्याचा चेहरा हेच भांडवल, तो माणूस टॅकल झेलत होता. २००९ च्या हंगामात संघात परतणार नाही, हे त्याने स्वतःच जाहीर केलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२२ मध्ये तो रग्बी इंडियाचा अध्यक्ष झाला. जून २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची पहिली रग्बी प्रीमियर लीग रंगली. सात-सात खेळाडूंची, अगदी कबड्डीसारखी.

तुम्ही म्हणाल, ‘त्याचं ठीक आहे गं, तो मुंबईचा. आम्हाला कामावरून येऊन मैदान गाठायचंय.’ खरंय. प्रत्येकाला भारताची जर्सी मिळणारही नाही. पण खेळाडू, मग संघटक, अशी इनिंग गावातही खेळता येते. छोट्या पोरांना पकड शिकवायला कुणीतरी लागतंच ना?

शूज माळ्यावर टाकले असतील, तर आज खाली काढा.