परतीच्या वाटेवरचा शांत समुद्र

बुलढाण्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण शिडाच्या जहाजांचं मला भारी वेड! कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी गोव्यात बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर एकटेच मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे 2010 मध्ये परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय.

अशा सफरीत सगळे दक्षिण महासागरातल्या वादळांबद्दल विचारतात. मला मात्र शेवटच्या टप्प्यातला विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा जास्त खुणावतो. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे तिथे एकमेकांना भिडतात, तापलेली हवा वर चढते आणि पाण्यालगत वारा पडतो. लाटांचा संथ हेलकावा मात्र थांबत नाही. मग सैल पडलेलं शीड डोलकाठीवर फटाफट आपटतं, घासून फाटू शकतं. घर जवळ आलेलं असतं, पण नाव हलत नाही. मध्येच काळा ढग येतो, जोराची सर कोसळते, प्यायला गोडं पाणी मिळतं आणि घटकाभर वाराही.

हाच पट्टा उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो, त्याच्यासोबत मान्सून येतो आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडे सोयाबीनची पेरणी सुरू होते.