नलिका-विवर्धकातील ऋण दाब व दोषशोधन

पुष्कळ वर्षे कपाटात पडून असलेला नलिका-विवर्धक विजेला जोडला, नलिकांत तांबूस प्रकाश उजळला आणि ध्वनिक्षेपकातून संगीत ऐकू आले, म्हणजे यंत्र सुस्थितीत आहे असा समज सहज होतो. पंधरा-वीस मिनिटांनी एखाद्या शक्तिनलिकेचे धनाग्र लालबुंद होते. मग ती नलिका सदोष ठरवून नवी बसविली जाते, आणि तीही त्याच वाटेने जाते. हा प्रकार इतका सर्वत्र आढळतो की, त्याची मीमांसा एखाद्या प्रत्यक्ष संचाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

डायनाको या अमेरिकन कंपनीचा ‘स्टीरिओ ७०’ हा संच त्या दृष्टीने सोयीचा आहे. डेव्हिड हॅफलर यांच्या या कंपनीने तो १९५९ मध्ये बाजारात आणला. सुटे भाग नेऊन ग्राहकाने घरीच जोडणी करावी अशीही सोय असल्यामुळे आज हाती येणाऱ्या अनेक संचांची डाखजोडणी हौशी हातांची असते, हे परीक्षकाने विसरू नये. प्रत्येक बाजूस ७१९९ ही एक चालक नलिका व ईएल ३४ या दोन शक्तिनलिका असून, दोन्ही बाजूंना मिळून जीझेड ३४ ही एकच एकदिशकारक नलिका आहे. प्रत्येक बाजूची शक्ती ३५ वॅट. हॅफलर व हर्बर्ट केरोज यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अल्ट्रालिनिअर’ रचनेनुसार शक्तिनलिकांची पडदा-जालके निर्गम रोहित्राच्या मधल्या टोकांना जोडलेली आहेत.

शक्तिनलिकेच्या धनाग्रावर सुमारे ४१५ व्होल्ट दाब असतो. एवढ्या दाबाखाली प्रवाह आवरून धरण्याचे काम नियंत्रक जालकावरील ऋण दाब करतो. कारागीर त्यास ‘बायस’ म्हणतात. तो सुमारे उणे ३६ व्होल्टच्या आसपास असला म्हणजे नलिकेतून ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि धनाग्रात २० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. ईएल ३४ ची मर्यादा २५ वॅट आहे. प्रवाह ८० मिलिअँपिअरवर गेला की हीच उष्णता ३३ वॅट होते, आणि धनाग्र लाल होते ते यामुळे. लाली हे ऋण दाब हरपल्याचे लक्षण आहे. नलिका बहुधा त्याची बळी असते. दुर्लक्ष झाले तर पाठोपाठ निर्गम रोहित्राचे वेष्टन जळते, आणि नलिका पुन्हा विकत मिळते तसे ते मूळ रोहित्र मिळत नाही.

ऋण दाब योग्य आहे की नाही हे पाहण्याची निर्मात्यांची युक्ती मोठी मार्मिक आहे. एका बाजूच्या दोन्ही शक्तिनलिकांचा प्रवाह १५.६ ओहमच्या एकाच रोधकातून जातो. एकूण प्रवाह १०० मिलिअँपिअर असता त्यावर बरोबर १.५६ व्होल्ट दिसतात, आणि हाच दाब कोऱ्या साध्या बॅटरी-सेलचाही असतो. घरच्या स्वस्त मापकावर विश्वास नसेल तर प्रथम नव्या सेलचा दाब मोजावा व काटा तेथेच येईपर्यंत पेच फिरवावा!

मात्र या सोयीतच दोन फसगती आहेत. रोधक सामाईक असल्याने एक नलिका ७० व दुसरी ३० मिलिअँपिअर घेत असली, तरी मापक निश्चिंतपणे १.५६ च दाखवितो. दुसरे असे की, पूर्वी कधी नलिका बिघडून हा रोधक तापला असेल तर त्याचे मूल्य वाढलेले असते. तो २० ओहम झाला असेल तर १.५६ व्होल्टचा अर्थ केवळ ७८ मिलिअँपिअर इतकाच होतो. सबब यंत्र बंद असताना प्रथम रोधकच मोजावा.

आता दोषाचे स्थान. चारही शक्तिनलिका लाल होत असतील, तर संशय सर्वांना ऋण दाब पुरविणाऱ्या सेलेनियम एकदिशकारकावर व त्यालगतच्या धारित्रांवर घ्यावा. सेलेनियमच्या चकत्या वयोमानाने क्षीण होतात. एकाच बाजूच्या दोन्ही लाल झाल्यास त्या बाजूचा पेच तपासावा. एकच लाल झाली, तर त्या बाजूच्या दोन नलिकांची अदलाबदल करावी. लाली नलिकेबरोबर गेली तर नलिका दोषी. ती जुन्या बैठकीतच राहिली तर चालक नलिकेकडून त्या जालकाकडे येणारे ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र दोषी असण्याचाच संभव अधिक. बाजारात यालाच कंडेन्सर म्हणतात. त्याच्या एका टोकास सुमारे ३०० व्होल्टचा धन दाब असतो आणि जालक २७० किलोओहमच्या रोधकामार्फत ऋण दाबाशी जोडलेले असते. धारित्रातून केवळ ५० मायक्रोअँपिअर प्रवाह झिरपला तरी या रोधकावर १३.५ व्होल्ट पडतात व उणे ३६ चे उणे २२.५ होतात. एवढी गळती साध्या ओहम-मापकावर पुष्कळदा दिसतही नाही.

तिची निश्चिती दोन टप्प्यांत होते. प्रथम जीझेड ३४ व शक्तिनलिका काढून प्रत्येक बैठकीच्या पाचव्या पिनेवरील ऋण दाब मोजावा. या वेळी धारित्रांवर उच्च दाब नसतो. म्हणून आकडा कमी आला तर दोष पुरवठ्यातच आहे. नंतर जीझेड ३४ व निर्दोष बाजूच्या दोन नलिका परत बसवून पुन्हा मोजावे. संशयित बाजूच्या एखाद्या पिनेवरील ऋण दाब आता घटला असेल तर तेथील धारित्र झिरपते. मापकही पारखून घ्यावा. दर व्होल्टला २०,००० ओहमचा काट्याचा मापक ५० व्होल्टच्या पट्ट्यावर १ मेगओहम भार टाकतो आणि ३६ च्या जागी सुमारे २८ दाखवितो. १० मेगओहमचा अंकीय मापक ३५ दाखवील. पहिल्या आकड्यावरून निरोगी धारित्र उपटून काढल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत.

पहिल्या टप्प्यातही एकदिशकारकाच्या बैठकीवर ७०० व्होल्टहून अधिक प्रत्यावर्ती दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही गाळणी-धारित्रे प्राणघातक भार राखून ठेवतात. काही किलोओहमच्या दणकट रोधकातून तो भार काढावा, मापकाने शून्याची खात्री करावी, मगच हात घालावा. मोजणी चालू यंत्रावर करावयाची असता एक हात पाठीशी ठेवावा.

निद्रिस्त संच व्हेरियॅकने हळूहळू जागा करावा हा प्रचलित सल्लाही सावधपणे घ्यावा. कमी दाबावर जीझेड ३४ चा तंतू पुरेसा तापत नाही. त्यामुळे बराच वेळ गाळणी-धारित्रांपर्यंत काहीच पोचत नाही आणि मग दाब एकदम चढतो. शक्तिनलिका काढून, तात्पुरते सिलिकॉन डायोड लावून दाब काही तासांत वाढविणे योग्य. मूळ धारित्र ५२५ व्होल्टचे आहे. ४५० च्या सुमारास थांबावे. गुणगुण ऐकू आल्यास तिचा स्वर पाहावा. विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे अमेरिकेत १२० व भारतात १०० हर्ट्झ, असेल तर गाळणी दुबळी झाली आहे; मूळ वारंवारतेचीच असेल तर भू-जोडणी किंवा तंतूंच्या तारा पाहाव्यात. ध्वनिक्षेपक वा तुल्य रोधक न जोडता संकेत देणे सर्वथा वर्ज्य.

अमेरिकन विजेसाठी बांधलेला संच भारतात चालविताना २३० व्होल्ट उतरविणारे रोहित्र लागतेच. परंतु वारंवारता ६० ऐवजी ५० हर्ट्झ असल्याने त्याच दाबावर संचाच्या शक्तिरोहित्रातील चुंबकीय प्रवाह पाचव्या हिश्शाने वाढतो व गाभा अधिक तापतो. म्हणून पहिल्या दिवशी तासाभराने रोहित्राची उष्णता पाहावी, आणि १.५६ चा आकडा त्यानंतर पुन्हा एकदा जुळवून घ्यावा.