चेन्नईत सशांसाठी छोटी बचाव संस्था: नोंदणी, मान्यता आणि त्याआधीची तयारी

ही माहिती कोणासाठी आहे?

चेन्नई किंवा आसपासच्या भागात सोडून दिलेले पाळीव ससे तुम्ही घरी सांभाळत असाल आणि आता हे काम संस्थेच्या रूपात करायचे असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. पहिला प्रश्न सहसा अनुदानाचा असतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देऊ. केवळ सशांच्या बचावासाठी वेगळी केंद्रीय योजना नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मदत सर्व प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना मिळते, आणि ती काम उभे राहिल्यानंतर मिळते. सुरुवातीचा खर्च तुमचा आणि तुमच्या देणगीदारांचा, हे धरूनच चला.

शोध घेताना नाबार्डमार्फत राबवलेली शेळी, मेंढी व ससे यांच्या विकासाची जुनी योजना समोर येते. ती व्यावसायिक ससेपालनाची आहे. कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्रही मांस आणि लोकर यांसाठीच्या जातींवर काम करते. अशा योजनेच्या नावावर कर्ज घेऊन बचाव केंद्र चालवू नका. तेथे उत्पादन आणि विक्री दाखवावी लागते.

कोणता ससा?

हे पान मराठीत लिहिताना एक अडचण आली. आपल्याकडे रानातला आणि पिंजऱ्यातला, दोघांनाही ‘ससा’च म्हणतात. तमिळमध्येही दोघांना ‘मुयल’. कायद्यात मात्र हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पाळता येत नाही आणि दत्तक देता येत नाही. गिंडी राष्ट्रीय उद्यानात त्याची वस्ती आहे, त्यामुळे शहरातही असा ससा सापडू शकतो. लांब पाय, करडा-तपकिरी रंग आणि मानेवर काळा पट्टा दिसला तर वन विभागाला कळवा. पाळीव ससा मूळ युरोपातला. पुढील सर्व माहिती त्याच्याबद्दल आहे.

नोंदणीच्या आधी: संख्या ठरवा

समजा, मार्चमध्ये तुमच्याकडे एक जोडी आली. आणणाऱ्याने सांगितले, दोन्ही माद्या आहेत. लहान सशांचे लिंग ओळखताना दुकानदारही चुकतात. सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा. एप्रिलमध्ये सहा पिल्ले झाली, आणि मादी व्यायल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून मे महिन्यात आणखी सहा. चार महिन्यांच्या आसपास पहिली पिल्ले स्वतः प्रजननक्षम होतात. दोन सशांपासून सुरू केलेले काम एका उन्हाळ्यात चौदावर जाते, आणि तेवढ्यात शेजारून फोन येतो की अमुक ठिकाणी पाच सोडले आहेत.

म्हणून सर्वात आधी एक आकडा ठरवा: आपण एका वेळी किती ससे सांभाळू शकतो. तो कागदावर लिहा आणि संस्थेच्या नियमावलीत घाला. दहा म्हणजे दहा. अकराव्याला नकार देणे जड जाते. पण प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० चे कलम ११ बचाव करणाऱ्यालाही लागू आहे. हालचालीला अपुरा पिंजरा, अपुरे अन्न, पाणी किंवा निवारा ही त्या कलमाखाली क्रूरताच आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

आलेला प्रत्येक ससा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. नर आणि मादी वेगळे, नवे आणि जुने वेगळे. नसबंदी झाल्यावरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, तेव्हा लगेच मादीसोबत सोडू नका. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. माद्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च याही कारणाने टाळू नये.

आपल्या मनात संस्था म्हटले की जमीन आणि पत्र्याची शेड येते. सशांसाठी त्याची गरज नाही, आणि चेन्नईत तर ती शेड धोक्याचीच ठरते. सशाला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे टाकतो, आणि तापमान तिशीपलीकडे गेले की त्याला उष्माघात होऊ शकतो. चेन्नईचा मे चाळिशीला टेकतो. पंखा आणि थंड फरशी असलेली घरातली खोली शेडपेक्षा कितीतरी बरी. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या हाऊस रॅबिट सोसायटीचे कामही स्वयंसेवकांच्या घरांतूनच उभे राहिले. पाच घरे, प्रत्येकी दोन ससे, ही सुरुवात पुरेशी आहे.

खाणे आणि उपचार

सशाचा मुख्य आहार गवत. गाजर नव्हे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आयात केलेले टिमोथी गवत महाग पडते. पण आपली दूर्वा, म्हणजेच हरळी, चेन्नईत ‘अरुगम्पुल’ नावाने पिळ्ळैयारच्या देवळांबाहेर आणि बाजारात मिळते. स्वच्छ धुऊन ती ताजी द्या, उरलेली सावलीत वाळवून ठेवा.

ससा अर्धा दिवस काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर उद्याची वाट पाहू नका. आतडे थांबले की तो फार लवकर दगावतो. सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. वेपेरी येथील मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ पासून सुरू आहे आणि त्याला जोडून रुग्णालय आहे. दोन गोष्टी स्वयंसेवकांकडून पाठ करून घ्या: कुत्र्यांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला लावायचे नाही, आणि पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे द्यायची नाहीत. या दोन्हींमुळे ससा मरू शकतो.

नोंदणी कोठे करावी?

महाराष्ट्रातून आलेले वाचक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय शोधतात. ती व्यवस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ची आहे, तमिळनाडूत ती नाही. येथे सोसायटी करायची असेल तर तमिळनाडू सोसायटी नोंदणी अधिनियम, १९७५ खाली किमान सात सदस्य लागतात. न्यास करायचा असेल तर न्यासपत्र उपनिबंधक कार्यालयात नोंदवतात. तिसरा मार्ग कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ चा. छोट्या गटाला न्यास सोपा पडतो, कारण सात माणसे जमवण्यापेक्षा ती टिकवणे अवघड असते. कोणताही मार्ग घ्या, उद्देशांत ‘प्राणी कल्याण’ हे शब्द स्पष्ट हवेत.

त्यानंतर पॅन, संस्थेचे बँक खाते, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंद आणि आयकर विभागाकडे नोंदणी. सर्वांच्या तोंडी असलेले १२ए आणि ८०जी हे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, जुने नमुने पाहून अर्ज भरू नका. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत प्राणी कल्याण बसते. त्यासाठी सीएसआर-१ नमुना भरावा लागतो. परदेशातल्या नातेवाइकांपैकी कोणी परकीय नागरिक असेल, तर त्यांचे पैसे एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाहीत. त्या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो.

मंडळाची मान्यता कशासाठी?

अनुदान हे एक कारण. निवाऱ्याच्या अनुदानासाठी जमिनीची कागदपत्रे लागतात, त्यामुळे घरांतून चालणाऱ्या गटाला ते लागू होणे कठीण. दुसरे कारण अधिक उपयोगी आहे. गुन्ह्यात जप्त झालेले प्राणी २०१७ च्या नियमांनुसार प्राणी कल्याण संस्थांकडे सांभाळायला देता येतात आणि त्यांच्या देखभालीचा खर्च आरोपीकडून मागता येतो. मात्र जप्तीचा अधिकार तुम्हाला नसतो, तो पोलिसांना आणि प्राधिकृत अधिकाऱ्यांना असतो.

पाळीव प्राणी दुकान नियम, २०१८ मध्ये सशाचा स्पष्ट उल्लेख आहे. दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानात गर्दीच्या पिंजऱ्यात ससे दिसले तर दया येऊन विकत घेऊ नका, त्या पैशातून पुढची खेप येते. दिनांकासह छायाचित्रे काढा आणि लेखी तक्रार करा.

मान्यतेसाठी नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशेब आणि कामाचा अहवाल तयार ठेवा. म्हणून पहिल्या सशापासून वही ठेवा: आल्याची तारीख, कोठून, वजन, उपचार, कोणाला दत्तक दिला, आणि मेला असल्यास कशाने. शेवटचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होतो. तो भरा.

अर्ज पाठवताना पत्ता तपासा. १९६२ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय अनेक वर्षे चेन्नईत होते आणि जुन्या नमुन्यांवर तिरुवान्मियूरचा पत्ता छापलेला असतो. २०१८ पासून मुख्यालय हरियाणात बल्लभगड येथे आहे.