मेणवलीच्या घंटेचं मूळ गाव

‘स्वदेस’ पाहिला असेल, तर वाईजवळचा मेणवलीचा घाट तुमच्या ओळखीचा आहे. नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णाकाठी तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. पुढच्या वेळी तिच्यासोबत नुसता सेल्फी काढून निघू नका, जरा जवळून बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे आणि साल आहे १७०७.

ही घंटा वसईची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. पंचवटीतली नारोशंकराची घंटा त्यातलीच. आपल्या सोनारीकरांना याचं फार नवल वाटायला नको. परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ अशीच १६३२ मध्ये विजापूरला गेली की!

पण घंटा गेल्यावर मागे काय उरलं? ते बघायचं तर कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर पकडा, पहाटे दादरला उतरा आणि विरार लोकलने वसई रोड गाठा. सकाळी त्या दिशेला बसायला जागाही मिळते.

किल्ल्यात सेंट जोसेफचा उंच मनोरा लगेच नजरेत भरतो. १६०१ मध्ये वाढवून बांधलेलं हे चर्च. आता छप्पर नाही, वर थेट आभाळ. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र खाली बघत चाला. पायाखालच्या फरशा म्हणजे थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर नावं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. त्यावरच बसून वेफर्स खाणारे, प्री-वेडिंगसाठी गाऊन पसरणारे दिसतील. तुम्ही तरी कडेने जा.

गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मला. जेझुइट पाद्र्यांकडे शिकला, जपानला गेला, तिथली भाषा शिकून व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन झाला. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये चर्चने त्याला संत जाहीर केलं.

पोर्तुगिजांनी देवळं पाडली, धर्मांतरं केली, हेही याच इतिहासात आहे. ते झाकायचं कारण नाही. पण १७३९ नंतर गेले ते पोर्तुगीज. वसईचे ख्रिस्ती इथलेच, ते कुठे जाणार? ते आपल्या शेतीवाडीत राहिले. किल्ल्याबाहेरच्या गावांत आजही घरात सामवेदी बोली ऐकू येते आणि चर्चमध्ये प्रार्थना मराठीत होते.

जानेवारी २०२० मध्ये आपल्याच धाराशिवला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, आठवतंय? अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. वसईला निघण्याआधी कॉलेजच्या लायब्ररीत एकदा मागून बघा.