नव्या गुलाबाला पाणी : आधी गोळा भिजवा

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये घरापुढे किंवा सोसायटीच्या वाफ्यात लावलेले गुलाबाचे कलम रोज पाणी घालूनही सुकते, तेव्हा पिशवीतला मातीचा गोळा तपासा. रोपवाटिकेतला हा गोळा बहुधा चिकण लाल मातीचा, घट्ट असतो. भोवतालच्या भुसभुशीत मातीतून पाणी निघून जाते आणि गोळा आत कोरडाच राहतो. सुरुवातीचे काही आठवडे मुळे मात्र त्या गोळ्यातच असतात.

म्हणून लागवडीपूर्वी पिशवीसह गोळा बादलीत ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. पिशवी फाडून कलम लावा, डोळा भरलेली जागा मातीवर राहू द्या. आळे करून लगेच चार-पाच लिटर पाणी द्या, तेही एकदम न ओतता दोन-तीन वेळा, जिरेल तसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी द्या. त्यानंतर दिवस मोजू नका. बोट दोन पेरे गोळ्यातच खुपसा. ओल लागली तर थांबा. पाने माना टाकतात म्हणून लगेच पाणी घालणे घातक, कारण मूळ कुजले तरी पाने तशीच दिसतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. पाने रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके येतात. पावसाळ्यात आळे मोडून मातीची भर द्या. इथल्या भरावाच्या जमिनीत राडारोडा निघतो, त्याखाली पाणी तुंबते. वालधुनीकाठची बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. नदीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे आणि गुलाबाला क्षार सोसत नाहीत.