८० किलोचा गिअरबॉक्स घरच्या घरी ट्रकला कसा बसवतात? (आणि त्यात फोनचं काय काम?)



जुन्या गाड्या नव्यासारख्या करायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. गंजलेला सांगाडा पंधरा मिनिटांत चकाचक होतो, मागे म्युझिक वाजत असतं आणि शेवटी गाडी धूर न सोडता निघून जाते. पण या व्हिडिओंमध्ये एक भाग हमखास पळवलेला असतो: गिअरबॉक्स परत जागेवर बसवण्याचा. एका शॉटमध्ये तो जमिनीवर असतो आणि पुढच्या शॉटमध्ये गाडीत. मधे काय झालं ते कोणी दाखवत नाही. खरं तर जीव, पैसा आणि वेळ, तिन्ही धोक्यात येतात ते याच मधल्या भागात. म्हणून आज आपण तेवढंच समजून घेऊ. यात तुमच्या खिशातला फोन बराच कामाला येतो, तेही बघू.

कुठला ट्रक आणि कुठला गिअरबॉक्स?

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. इथे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९७२ सालचा शेव्हरोले सी-२० आहे. त्यांच्या वडिलांनी शेतीसाठी घेतलेला. या नावातला 'सी' म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी गाडी. चारही चाकं ओढणारी असेल तर 'के'. आकडा वजन वाहायची ताकद सांगतो: १० म्हणजे अर्धा टनवाली, २० म्हणजे पाऊण टनवाली, ३० म्हणजे एक टनवाली.

या ट्रकमध्ये एसएम-४६५ नावाचा चार गिअरचा गिअरबॉक्स आहे. जनरल मोटर्सने तो १९६८ ते १९९१ एवढी वर्षं आपल्या ट्रकमध्ये बसवला. बाहेरचं कवच बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं. वजन सुमारे ८० किलो, एका मोठ्या माणसाएवढं. फरक इतकाच की माणसाला धरायला हातपाय असतात. या गोळ्याला धरायला धड जागाच नाही.

एवढा जड का केला? तर याचा पहिला गिअर ६.५५ : १ आहे. इंजिन साडेसहा वेळा फिरतं तेव्हा मागचा शाफ्ट एकदा फिरतो. पुढे मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, आमच्या ट्रकात, आणखी ४.१० : १ आहे. दोन्हींचा गुणाकार जवळजवळ २७. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असेल, तर चाक मिनिटाला साधारण २२ वेळा फिरतं आणि ट्रक ताशी ३ किलोमीटरच्या आसपास सरकतो. चालणारा माणूस पुढे निघून जाईल! पण त्याच वेळी चाकावर येणारा जोर तितक्याच पटीने वाढतो. एवढा जोर झेलायचा तर दात जाड हवेत, शाफ्ट जाड हवेत आणि कवचही. म्हणून हे वजन.

आम्ही हा गिअरबॉक्स काढून त्याची बेअरिंग आणि ऑइल सील बदलली होती. उरलं होतं परत बसवणं.

तो अडकतो तरी कुठे?

गिअरबॉक्सच्या पुढून एक दांडा बाहेर आलेला असतो. त्याला इनपुट शाफ्ट म्हणतात. बसवताना हा दांडा ओळीने तीन ठिकाणांतून जावा लागतो:

१. रिलीज बेअरिंगमधून (क्लच दाबल्यावर पुढे सरकतं ते).
२. क्लच प्लेटच्या मधल्या भोकातून. या भोकाला आतून दाते असतात आणि दांड्यावरच्या १० खाचा त्या दात्यांत बसाव्या लागतात.
३. शेवटी इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला असलेल्या छोट्या पायलट बुशमध्ये.

हे झालं की मग गिअरबॉक्सचं तोंड बेल हाउसिंगला (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाला) टेकतं आणि चार बोल्ट लागतात. म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखंच काम. फक्त इथे दोरा ८० किलोचा आहे, सुई दिसत नाही आणि आपण पाठीवर झोपलेलो असतो.

आधी जीव, मग ट्रक

आजोबा तरुणपणी असे गिअरबॉक्स छातीवर घेऊन, दोन्ही हातांनी वर ढकलून बसवायचे. या वेळीही त्यांचा तोच विचार होता. मी म्हटलं, छातीवर घेतलेली वस्तू निसटली तर तिला जायला दुसरी जागाच नसते. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी मान्य केलं ते एका अटीवर: भाड्याने आणलेला जॅक नीट चालला नाही, तर काम थांबवायचं आणि दुसरा आणायचा. अट मला लगेच पटली, कारण तिच्यात छातीचा उल्लेख नव्हता.

घरी काम करणाऱ्यांनी या गोष्टी पाठच कराव्यात:

• गाडी सपाट, पक्क्या काँक्रीटवर हवी. मातीवर किंवा उतारावर नाही.
• गाडीचं वजन नेहमी जॅक स्टँडवर. हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत. ते न सांगता एकदम फुटतात.
• खाली शिरायच्या आधी गाडी हाताने जोरात हलवून बघायची. हलायचीच असेल तर आत्ता हलू दे.
• बॅटरीची वायर काढून ठेवायची.
• जुन्या क्लचची धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसायचं.
• एकट्याने हे काम करायचं नाही. दुसरा माणूस गाडीबाहेर, हाक ऐकू येईल इतक्या जवळ हवा.

गिअरबॉक्ससाठी वेगळा ट्रान्समिशन जॅक मिळतो. त्याचा वरचा पाट पुढे-मागे आणि बाजूला कलवता येतो आणि वर पट्टा बांधायची सोय असते. इथे तो दिवसावर भाड्याने मिळतो. आपल्याकडे हायवेलगतच्या गॅरेजमध्ये हेच काम बऱ्याचदा चेन कप्पीने करतात. साधन कुठलंही चालेल, नियम एकच: वजन साधनावर, हात फक्त दिशा द्यायला.

क्लच प्लेट मधोमध नसेल तर काहीच जमणार नाही

क्लच प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये सँडविचसारखी दाबलेली असते. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळेपर्यंत ती मोकळी असते. आवळले की जिथे असेल तिथे घट्ट. ती थोडीशी जरी खाली सरकलेली असेल, तर इनपुट शाफ्ट दात्यांतून गेला तरी पायलट बुशच्या भोकावर येत नाही.

म्हणून क्लचच्या सेटसोबत बहुतेक वेळा प्लास्टिकची एक दांडी मिळते. तिचं टोक पायलट बुशमध्ये घालायचं, प्लेट तिच्यावर बसवायची आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे, आवळत जायचं. शेवटी दांडी सहज बाहेर आली आणि सहज परत गेली, तर प्लेट मधोमध आहे. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते तिच्यावर छापलेलं असतं. बसवायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर शंका आली तर सगळं उघडून बघण्यापेक्षा गॅलरी उघडणं सोपं!

आता फोन बाहेर काढा

गिअरबॉक्स काढला की इंजिनची मागची बाजू थोडी खाली झुकते. म्हणून तिच्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यायचा. पण आधार किती उंच? इंजिनचं तोंड आणि गिअरबॉक्सचं तोंड एकमेकांना समांतर झाली पाहिजेत, तरच दांडा सरळ जाईल. डोळ्यांनी हे कळत नाही. हिशेब बघा: १ अंशाचा फरक असेल, तर ३० सेंटीमीटर लांबीत तो ५ मिलिमीटरपेक्षा जास्त होतो. पायलट बुशमध्ये तर मिलिमीटरच्या छोट्याशा भागाएवढीच मोकळीक असते.

इथे फोनमधलं लेव्हल अ‍ॅप कामाला येतं. फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगवर लटकलेला असतो. फोन कलला की गुरुत्वाकर्षणामुळे तो तुकडा किंचित सरकतो. त्या सरकण्याने शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून फोन कोन काढतो. स्क्रीन आडवी-उभी होते तीसुद्धा याच चिपमुळे.

वापरताना चार गोष्टी सांभाळा:

• कव्हर काढा. कॅमेऱ्याचा उंचवटा आणि बाजूची बटणं टेकणार नाहीत अशी सरळ कड वापरा.
• पृष्ठभाग घासून स्वच्छ करा. तेलाचा जुना थरसुद्धा अर्धा अंश खाऊ शकतो.
• एकदा माप घ्या, मग फोन उलट दिशेने फिरवून त्याच जागी परत घ्या. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर खरा कोन त्यांच्या मधोमध आहे.
• नुसता आकडा महत्त्वाचा नाही, दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. बेल हाउसिंगचं तोंड आणि जॅकवरचा गिअरबॉक्स, दोन्ही एकाच फोनने मोजा.

आम्ही बेल हाउसिंगचा कोन आधी मोजला आणि जॅकवरच्या गिअरबॉक्सचा पाट तेवढाच कलवला. बाजूचा कल वेगळा तपासला.

दुसरी सोय कॅमेऱ्याची. बेल हाउसिंगच्या बाजूला क्लचचा फोर्क येतो ते भोक असतं. तिथून डोकं आत जात नाही, पण फोनला जोडायचा पातळ यूएसबी कॅमेरा जातो. आजोबा बाहेर स्टुलावर बसून स्क्रीन बघत होते आणि 'थोडा डावीकडे, थोडा वर' असं सांगत होते. ज्या माणसाला खाली झोपून वजन उचलायचं होतं, त्याच्याच पन्नास वर्षांच्या अनुभवावर मी खाली काम करत होतो.

शेवटचा एक इंच

बोल्टच्या चार भोकांपैकी वरच्या दोन भोकांत आधी बिनडोक्याचे लांब बोल्ट बसवायचे. बाजारातला लांब बोल्ट घेऊन डोकं कापायचं आणि टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडायची. गिअरबॉक्स या दोन दांड्यांवरून रुळावरून सरकावा तसा पुढे सरकतो.

बहुतेक वेळा तो शेवटच्या इंचावर अडतो. कारण शाफ्टच्या खाचा आणि प्लेटचे दाते जुळलेले नसतात. मग गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकायचा. चौथा गिअर १ : १ आहे, म्हणून मागचा शाफ्ट हाताने हळू फिरवला की पुढचाही तेवढाच फिरतो. फिरवता फिरवता हलकं ढकलायचं. जुळलं की तो आपोआप पुढे जातो आणि 'टक्' असा आवाज येतो.

इथे दोन मोह टाळायचे.

पहिला: फट राहिली असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणं. बोल्टची ताकद प्रचंड असते. आत काहीतरी अडलेलं असेल, तर कवचाचा कान तुटतो किंवा पायलट बुश चेपतं. तोंडाला तोंड हाताच्या जोराने टेकलं पाहिजे. बोल्ट फक्त धरून ठेवण्यासाठी.

दुसरा: अर्धवट आत गेल्यावर 'जरा दम घेऊ' म्हणून जॅक खाली घेणं. मग सगळे ८० किलो इनपुट शाफ्टच्या जोरावर क्लच प्लेटला लटकतात. प्लेट मध्यभागी वाकते आणि नंतर क्लच पूर्ण दाबला तरी गिअर कुरकुरत पडतात. दम घ्यायचा असेल तर जॅक आहे तिथेच ठेवून घ्या. किमान दोन बोल्ट लागेपर्यंत तो हलवायचा नाही.

बसल्यावर काय?

चारही बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळायचे. प्रोपेलर शाफ्ट काढताना केलेल्या रंगाच्या खुणा जुळवूनच तो परत लावायचा, नाहीतर गाडी थरथरते. क्लचच्या पेडलची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे ठेवायची.

तेल 'जीएल-४' दर्जाचं ८०डब्ल्यू-९० घ्या. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून ते चांगलं, असं नाही. काही जीएल-५ तेलांतली गंधकयुक्त द्रव्यं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. बाजूच्या भोकातून तेल बाहेर ओघळू लागलं की भरलं समजायचं.

आणि चालवताना लक्षात ठेवा, या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत तो टाकू नका. रिकामा ट्रक थेट दुसऱ्या गिअरवर उचलतात. पहिला फक्त भरलेल्या मालासाठी, चढासाठी किंवा शेतासाठी.

आम्हाला या कामाला अख्खा शनिवार लागला. त्यातला प्रत्यक्ष बसवण्याचा वेळ चाळीस मिनिटं; बाकीचा सगळा आधार लावण्यात, मोजण्यात आणि साफसफाईत गेला. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण घाई होते ती नेहमी याच तयारीत.

तुमच्याकडे शेव्हरोले नसेल, पण गावाकडे शेडमध्ये एखादी जुनी जीप किंवा टेंपो नक्की उभा असेल. गिअरबॉक्स वेगळा असेल, वजन कमी असेल, पण इनपुट शाफ्ट, क्लच प्लेट आणि पायलट बुश यांचं नातं जवळपास हेच. काम मिस्त्रीकडे देणार असाल तरी हरकत नाही. आता तो काय करतोय ते तुम्हाला कळेल. आणि कोणी गिअरबॉक्स छातीवर घ्यायला निघालं, तर त्याला थांबवायला तुमच्याकडे कारणही असेल.