आधी फूटपट्टी, मग पाकीट

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड म्हणजे 17 सेंटिमीटर बाजूचा चौकोन. व्हिया कंपनीने हा आकार 2001 मध्ये आणला. रॅमला बहुधा दोनच स्लॉट, त्यामुळे दोन्ही भरलेले असतील आणि रॅम वाढवायची असेल, तर जुन्या पट्ट्या काढाव्याच लागतात.

ग्राफिक्स कार्डाची लांबी-जाडी आधी बघा, किंमत नंतर. आरटीएक्स 3060 ला 170 वॉट लागतात, 4060 ला 115. लहान केसमध्ये हा फरक फार मोलाचा, कारण खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

नॉक्टुआचा एनएच-एल9ए कूलर पंख्यासकट जेमतेम 37 मिलिमीटर उंच. त्याच्याखाली 105 वॉटचा रायझन 7 5800एक्स प्रोसेसर बसवणं म्हणजे हौसच. 65 वॉटचा 5700एक्स शहाणपणाचा.

एएम4 सॉकेटवरचा जुना कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरही सोबत उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्या. मग संगणक बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएम5 मध्ये पिना सॉकेटात असतात आणि प्रोसेसर पट्टीखाली दाबलेला असतो, म्हणून तिथे ही कसरत नाही.